यादवांच्या राज्याचा अख्खा डेटा ज्याच्या हातात होता तो माणूस : हेमाडपंत

सोलापूरच्या चाटी गल्लीत संध्याकाळी सातच्या सुमारास एखाद्या चादरी-टॉवेलच्या पेढीत डोकावून बघा. काउंटरमागे एक पोरगा कॉम्प्युटरवर दोन खिडक्या उघडून बसलेला दिसेल. एका खिडकीत ग्राहकांचं सॉफ्टवेअर असतं, ज्याला धंद्यात सगळे सीआरएम म्हणतात. कोणत्या गावच्या व्यापाऱ्याचा फोन आला, त्याने किती नग मागितले, मागची उधारी किती, हे सगळं त्यात. दुसऱ्या खिडकीत क्लाऊडवरचा डेटाबेस. माल, बिलं आणि हिशेब तिथे. पोरगा पहिल्या खिडकीतलं बघतो आणि दुसऱ्या खिडकीत टाइप करतो. एक एक ओळ.

मग कधीतरी फोन नंबरातला एक आकडा चुकतो. कधी एकच व्यापारी दोन वेगवेगळ्या स्पेलिंगने दोनदा चढतो. लातूरला जायचा माल लातूर रोडला जाऊन पडतो. शेवटी मालक वैतागून विचारतो की हे आपोआप होत नाही का?

होतं. आणि ते कसं होतं हे समजून घ्यायला एका अशा माणसाची गोष्ट कामाला येते, ज्याचं नाव महाराष्ट्रात प्रत्येकाला माहीत आहे, पण देवळांमुळे. सोलापूरहून सत्तरेक किलोमीटरवर पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात एक शिळा आहे आणि तिच्यावर त्याचं नाव कोरलेलं आहे. हेमाद्री पंडित. आपल्या सगळ्यांचा हेमाडपंत.

हेमाडपंत म्हटलं की चुना न वापरता दगडावर दगड बसवून बांधलेली काळी देवळं डोळ्यांपुढे येतात. पण अशी देवळं त्याच्या आधीपासून बांधली जात होती. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं आहे, म्हणजे हेमाडपंताच्या दोनशे वर्षं आधीचं. बाजरी त्याने आणली असं गावोगाव सांगतात, त्यालाही पुरावा नाही. मराठी माणसाने जुनं आणि चांगलं जे जे दिसलं ते हेमाडपंताच्या खात्यावर जमा करून टाकलं, असंच म्हणावं लागतं.

मग तो खरा कोण होता?

तेराव्या शतकात देवगिरीवर यादवांचं राज्य होतं. हेमाद्री हा वत्स गोत्री ब्राह्मण, कामदेवाचा मुलगा आणि वासुदेवाचा नातू. १२६० च्या दशकात महादेव यादव राजा असताना तो दरबारात मोठ्या पदावर होता. त्या पदाचं नाव होतं श्रीकरणाधिप. करण म्हणजे राज्याचं दफ्तर, लेखी कारभार. गावोगावच्या कुलकर्ण्याच्या नावातलं करण ते हेच. श्रीकरणाधिप म्हणजे या सगळ्या लिखापढीचा प्रमुख. जमीन कोणाला दिली, कर किती ठरला, दान कोणत्या देवळाला गेलं, आज्ञा कोणाच्या नावाने सुटली, या सगळ्या नोंदी ज्याच्या हाताखालून जायच्या तो माणूस.

आजच्या भाषेत सांगायचं तर राज्याचा मुख्य डेटाबेस त्याच्याकडे होता. राजाही त्याच्याच नोंदीवर अवलंबून.

हे पद किती पक्कं होतं हे एका प्रसंगावरून कळतं. १२७१ च्या आसपास महादेव वारला आणि त्याचा मुलगा आमण गादीवर बसला. गादीवर खरा हक्क पुतण्या रामचंद्राचा होता. रामचंद्राने देवगिरीच्या किल्ल्यात शिरून आमणाला पकडलं आणि राज्य घेतलं. नाटक करणाऱ्यांच्या टोळीचं सोंग घेऊन त्याची माणसं आत गेली, असं जुन्या परंपरेत सांगितलं जातं. अशा उलथापालथीत जुन्या राजाच्या मर्जीतली माणसं सहसा टिकत नाहीत. हेमाद्री मात्र टिकला. शके ११९४ च्या, म्हणजे १२७२ च्या ठाणे ताम्रपटात तो रामचंद्राच्या कारभारात सगळ्या करणांचा अधिकारी म्हणून दिसतो. राजा बदलला पण दफ्तराचा माणूस तोच राहिला. यात नवल नाही. नव्या राजाला सर्वात आधी हेच कळायला हवं होतं की कोणाकडून काय येणं आहे आणि कोणाला काय दिलेलं आहे.

हेमाद्री नुसता कारकुनांचा साहेब नव्हता. चतुर्वर्गचिंतामणी नावाचा त्याचा प्रचंड ग्रंथ आहे. व्रतं, दानं, तीर्थं, श्राद्धं यांबद्दल वेगवेगळ्या पुराणांत आणि स्मृतींत जे विखुरलेलं होतं ते त्याने विषयवार लावून एका जागी आणलं. एकोणिसाव्या शतकात कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीने हा ग्रंथ छापायला घेतला तेव्हा जाडजूड खंडांवर खंड निघत गेले. त्यातल्या व्रतखंडाच्या सुरुवातीला यादव राजांची वंशावळ आहे, आणि यादवांचा इतिहास लिहिताना आजही ती वापरावी लागते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर त्याची आयुर्वेदरसायन नावाची टीकाही आहे. व्याकरणकार बोपदेव हा त्याच्याच आश्रयाला होता.

या ग्रंथावरून त्याला बोलही खूप लागले. एवढी व्रतवैकल्यं एकत्र करून त्याने समाजाला कर्मकांडात गुंतवलं, अशी टीका पुढच्या काळात झाली. महानुभाव पंथाच्या परंपरेत तर तो चक्रधर स्वामींचा विरोधक, जवळपास खलनायकच आहे. ही बाजू सोडून हेमाडपंताची गोष्ट सांगता येत नाही. नोंदी ज्याच्या हातात असतात त्याच्या हातात सत्ताही असते, आणि त्या सत्तेचा जाच झालेल्यांची आठवण वेगळी असते.

आता पंढरपूरच्या त्या शिळेकडे येऊ.

तिला चौऱ्यांशीची शिळा म्हणतात. या शिळेला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींच्या फेऱ्यातून सुटका होते, अशी श्रद्धा होती. त्यामुळे शेकडो वर्षं भाविकांच्या पाठी घासून घासून तिच्यावरची अक्षरं झिजली. पण त्या अक्षरांमध्ये मोक्षाचं काही नाही. ती देणगीदारांची यादी आहे. शके ११९५ ते ११९९, म्हणजे १२७३ ते १२७७ या काळात विठ्ठलाच्या देवळाला कोणी काय दिलं, त्याची यादी. माणसाचं नाव आणि त्याने दिलेली रक्कम, एकापुढे एक. त्यात साधी माणसं आहेत, राजा रामचंद्रदेव आहे आणि हेमाद्री पंडितही आहे. शं. गो. तुळपुळे यांनी प्राचीन मराठी कोरीव लेखांचा जो संग्रह केला त्यात हा लेख वाचायला मिळतो.

ही यादी एका दिवसात तयार झालेली नाही. पाच वर्षांत देणग्या येत गेल्या आणि नोंदी वाढत गेल्या. देणगी आली की ती आधी कुठेतरी लिहून घेतली जाणार, मग कायमच्या दगडावर चढणार. एका जागची नोंद दुसऱ्या जागी न्यायची, ती नेताना नाव बदलू द्यायचं नाही, रक्कम बदलू द्यायची नाही आणि तीच नोंद दोनदा चढू द्यायची नाही. चाटी गल्लीतला पोरगा संध्याकाळी सात वाजता नेमकं हेच करत असतो.

दगडावरची अक्षरं देवनागरी आहेत. सुटी, कोरीव आणि कोणालाही वाचता येतील अशी. मात्र दफ्तरात रोज शेकडो नोंदी करायच्या तर असं एकेक अक्षर काढत बसणं परवडणारं नव्हतं. हेमाडपंताच्या नावावर सांगितली जाणारी सगळ्यात मोठी गोष्ट इथे येते. मोडी लिपी.

ती त्याने लंकेहून आणली अशी दंतकथा आहे. काहींनी मोडीचं श्रेय शिवकाळातल्या बाळाजी आवजी चिटणीसांना दिलं. खरं तर कुठलीच लपेटी लिपी एका माणसाच्या डोक्यातून एका रात्रीत बाहेर येत नाही. भराभर लिहिणाऱ्या शेकडो हातांतून ती घडते. हेमाद्रीने फार तर तिला दफ्तरात शिस्त लावली असेल. पण परंपरेने हे श्रेय नेमकं दफ्तराच्या प्रमुखाला दिलं, हे महत्त्वाचं आहे. मोडी ज्या अडचणीतून आली ती अडचण त्याच्याच खात्याची होती.

मोडीची युक्ती काय? आधी पानभर आडव्या शिरोरेषा मारून घ्यायच्या. मग बोरू टेकवला की शक्यतो उचलायचा नाही. अक्षरं वळवून एकमेकांना जोडत न्यायची. दोन शब्दांत जागा सोडायची नाही. विरामचिन्हं नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, एकच इकार आणि एकच उकार. नेहमीच्या शब्दांसाठी संक्षेप ठरलेले. लिहिणाऱ्याचे श्रम जिथे जिथे वाचतील तिथे वाचवले.

पण वेगाची किंमत असते. मोडीत दिन आणि दीन सारखेच दिसतात. शब्द कुठे तुटतो हे वाचणाऱ्याने संदर्भाने ओळखायचं. लिहिताना वाचवलेले श्रम वाचताना भरावे लागतात. ध चा मा केल्याची गोष्ट तर शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. नारायणराव पेशव्यांना धरावे असं लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी एक अक्षर बदलून मारावे केलं आणि १७७३ मध्ये शनिवारवाड्यात खून पडला, अशी ती आख्यायिका. इतिहासकार तिच्याकडे संशयाने बघतात. तरी ती टिकली, कारण निरोप एका हातातून दुसऱ्या हातात जाताना बदलू शकतो ही भीती खरी होती.

या भीतीवरचा उपाय म्हणजे नियम. हेमाडपंताच्या नावावर मेस्तक नावाचं प्रकरणही सांगितलं जातं. मेस्तक म्हणजे दफ्तरी लिखाणाची नियमावली. कोणत्या दर्जाच्या माणसाला कोणता मायना लिहायचा, कोणतं पत्र कोणत्या पद्धतीने मांडायचं, कोणाचं काम काय, अशा गोष्टी त्यात असत. आज हाती असलेल्या मेस्तकांच्या प्रती नंतरच्या काळातल्या आहेत आणि त्यात भरही पडलेली आहे. पण हेमाडपंती मेस्तक हे नाव चिकटून राहिलं.

आता पेढीच्या मालकाच्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. सीआरएममधला डेटा क्लाऊडवरच्या डेटाबेसमध्ये आपोआप न्यायचा तर सर्वात आधी मेस्तक लागतं. इकडचा कोणता रकाना तिकडच्या कोणत्या रकान्यात जाणार, हे ठरवावं लागतं. सीआरएममध्ये नाव आणि आडनाव एकाच चौकटीत असेल आणि डेटाबेसमध्ये दोन चौकटी असतील, तर तोडायचं कुठे? शब्दांत जागा न सोडणाऱ्या मोडीचीच ही अडचण. तारीख आधी लिहायची की महिना आधी? मोबाइल नंबराच्या आधी ९१ लावायचा की नाही? हे ठरवल्याशिवाय जोडणी केली तर चुकासुद्धा आपोआप आणि फार वेगाने होतात. हाताने करणारा पोरगा तासाला दोन चुका करत असेल, तर प्रोग्राम मिनिटात दोन हजार करतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ओळख. पंढरपूरच्या शिळेवर नाव आणि रक्कम पुरायची, कारण यादी लहान होती. हजारो ग्राहकांत एकाच नावाची चार माणसं असतात. म्हणून प्रत्येक ग्राहकाला एक न बदलणारा क्रमांक द्यावा लागतो. प्रोग्राम नवी नोंद आणतो तेव्हा तो क्रमांक डेटाबेसमध्ये आधी शोधतो. सापडला तर जुनीच नोंद दुरुस्त करतो आणि नाही सापडला तरच नवी चढवतो. एकच व्यापारी दोनदा चढण्याचा प्रश्न इथे सुटतो.

बाकीचं यंत्राचं काम आहे. सीआरएम बाहेरच्या प्रोग्रामसाठी एक दार ठेवतं, त्याला एपीआय म्हणतात. एक पद्धत अशी की प्रोग्रामने दर पंधरा मिनिटांनी त्या दारावर जायचं आणि मागच्या खेपेनंतर बदललेल्या तेवढ्याच नोंदी घेऊन यायच्या. दुसऱ्या पद्धतीला वेबहुक म्हणतात. त्यात नोंद बदलली की सीआरएम स्वतःच निरोप पाठवतं. पहिली पद्धत जासुदाच्या नेमाने येण्या-जाण्यासारखी, दुसरी तातडीच्या सांडणीस्वारासारखी. छोट्या पेढीला पहिली पुरते.

आणि तिसरी गोष्ट, जी बहुतेक लोक विसरतात. पोहोच. शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या पत्रांच्या शेवटी मोर्तब सूद असं लिहून शिक्का उठवलेला दिसतो. मजकूर इथे संपला, याखाली कोणी काही वाढवू नये, असा त्याचा अर्थ. पत्र दफ्तरात नोंदलं गेलं की तशी वेगळी खूणही त्यावर व्हायची. डेटा नेणाऱ्या प्रोग्रामलाही हे करावं लागतं. किती नोंदी निघाल्या, किती पोहोचल्या, कोणती अडकली आणि का, याची रोजची वही ठेवावी लागते. रात्री इंटरनेट गेलं तर सकाळी कुठून पुन्हा सुरू करायचं हे त्या वहीतूनच कळतं. ही वही नसलेली जोडणी पहिले दोन महिने छान चालते. तिसऱ्या महिन्यात कोणाला तरी बिल जात नाही, आणि का जात नाही ते कोणाला सांगता येत नाही.

हेमाद्रीनंतर यादवांचं राज्य फार टिकलं नाही. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला आणि पुढच्या पंचवीसेक वर्षांत यादवांचं राज्य संपलं. मग बहमनी आले, आदिलशाही-निजामशाही आल्या, शिवाजी महाराजांचं राज्य आलं, पेशवे आले, इंग्रज आले. दरबारची भाषा कधी फारसी झाली, कधी इंग्रजी. खाली गावात मात्र कुलकर्ण्याची वही आणि बोरू चालूच राहिला. जमिनी, वतनं, कर्जं, जन्म, वाटण्या, सगळं मोडीत लिहिलं जात होतं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालात बांधलेले या लिखाणाचे गठ्ठे आजही आहेत.

छापखाना आला आणि मोडी मागे पडली. जोडून लिहायची अक्षरं खिळ्यांत बसवणं त्रासाचं होतं, म्हणून छपाईसाठी बाळबोध निवडली गेली. स्वातंत्र्यानंतर शाळेतूनही मोडी गेली. एका पिढीत असं झालं की आजोबांनी लिहिलेलं खरेदीखत नातवाला वाचता येईना. डेटा होता, जागेवरही होता, पण दुसऱ्या बाजूला घेणारा उरला नव्हता. कॉम्प्युटरच्या जगात तर मोडीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक मिळायला २०१४ साल उजाडलं. त्या वर्षी युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीचा समावेश झाला. त्याआधी मोडी मजकूर कॉम्प्युटरवर ठेवायचा तर फोटो काढून, नाहीतर कामचलाऊ फॉन्ट वापरून.

याचा फटका किती मोठा असू शकतो ते २०२३ मध्ये दिसलं. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. काम आधी मराठवाड्यापुरतं होतं, मग राज्यभर सुरू झालं. तहसील, भूमी अभिलेख, शाळा, जिथे जिथे जुन्या नोंदवह्या होत्या त्या काढल्या गेल्या. त्यातल्या कितीतरी मोडीत होत्या. स्कॅनर होते, पोर्टल होतं, सर्व्हर होते. अडलं ते मोडी वाचणाऱ्या माणसांवर. इतकी वर्षं छंद म्हणून मोडी शिकलेल्या मंडळींना अचानक सरकारी कचेऱ्यांतून बोलावणी येऊ लागली.

एका नोंदीवर कोणाचा तरी दाखला अवलंबून, आणि दाखल्यावर कॉलेजचा प्रवेश किंवा नोकरी. वाचणारा माणूस शिरोरेषेखालची वळणं बोटाने धरत जातो. इथे शब्द तुटला, हे नाव, हे बापाचं नाव, ही जात. शेजारी बसलेला ऑपरेटर ते ऐकून देवनागरीत टाइप करतो. मध्येच तो थांबून विचारतो की नावातली वेलांटी पहिली घेऊ की दुसरी. मूळ नोंदीत त्याचं उत्तर नसतं, आणि पोर्टलच्या रकान्यात काहीतरी एक भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.